ईग्रामस्वराज: ग्रामपंचायतीचा हिशेब ऑनलाइन तपासण्याची सोय कितपत कामाची?

ग्रामपंचायतीला किती निधी आला आणि तो कुठे गेला, हे आता सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना न विचारता पाहता येतं. लॉगिन नको, शुल्क नको, अर्ज नको. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचं ईग्रामस्वराज २४ एप्रिल २०२० पासून सुरू आहे, संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप अशा दोन्ही रूपांत. लेखापरीक्षणासाठी ऑडिटऑनलाइन हे वेगळं संकेतस्थळ आहे आणि नागरिकांसाठी मेरी पंचायत हे आणखी एक ॲप. या तिन्हींचं हे परीक्षण महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा साधा मतदार डोळ्यांपुढे ठेवून केलं आहे.

निकाल आधीच सांगतो. खात्यातून पैसा कधी, किती आणि कोणाच्या नावे बाहेर पडला, हे ही व्यवस्था चांगलं दाखवते. त्या पैशातून जागेवर काम उभं राहिलं का, हे ती जवळजवळ दाखवतच नाही. हा फरक ध्यानात ठेवून वापरली तर तिच्याइतकं उपयोगी साधन गावकऱ्याच्या हातात यापूर्वी नव्हतं. तो विसरला तर भल्या माणसावर संशय घेतला जातो आणि खरी गडबड नजरेआड राहते.

पंचायती हिशेब ऑनलाइन का टाकतात, हे समजलं की त्या हिशेबाचे गुणदोषही समजतात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले आणि सोबत अट घातली: गेल्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे लोकांना ऑनलाइन पाहता आले पाहिजेत. पहिली दोन वर्षं राज्यातल्या २५ टक्के संस्थांनी अट पाळली तरी भागत होतं. २०२३-२४ पासून मात्र ज्या संस्थेने पाळली तिलाच अनुदान, असा नियम लागला. म्हणून पानं भरलेली असतात, पण ती अटीपुरती भरलेली असू शकतात. महिना बंद करणं, वर्ष बंद करणं ही कामं शेवटी घाईत उरकली जातात आणि मग खर्चाच्या तपशिलाच्या रकान्यात ‘साहित्य खरेदी’ किंवा ‘काम’ एवढाच शब्द सापडतो. शिवाय खर्च करणारे आणि त्याची नोंद करणारे लोक एकच आहेत. ही नोंद म्हणजे पंचायतीने स्वतःबद्दल स्वतः दिलेली माहिती आहे, तिसऱ्या कोणी तपासलेली नव्हे.

गाव शोधण्यापासून सुरुवात

ईग्रामस्वराजचं ॲप उघडलं की राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडायची, मग आर्थिक वर्ष. पुढे तीन दारं येतात: ‘ई आर डिटेल्स’मध्ये निवडून आलेले सदस्य, ‘अप्रूव्हड ॲक्टिव्हिटीज’मध्ये आराखड्यातली मंजूर कामं, ‘फायनान्शियल प्रोग्रेस’मध्ये जमा आणि खर्च. संकेतस्थळावर हेच जास्त खोलात मिळतं. तिथे नियोजन, प्रगती आणि हिशेब यांचे अहवाल वेगळे आहेत, योजनावार जमाखर्च आणि रोकडवहीपर्यंत जाता येतं, आणि मोबाइलपेक्षा संगणकावर ते वाचायला सोपं जातं. पहिली चाचपणी ॲपवर करा. प्रमाणकापर्यंत, म्हणजे एकेका देयकाच्या व्हाउचरपर्यंत, जायचं असेल तर संकेतस्थळच गाठा.

पुष्कळ लोक पहिल्याच पायरीवर अडतात, कारण त्यांचं गाव यादीत दिसतच नाही. बहुतेक वेळा ते गाव गट ग्रामपंचायतीत असतं आणि पंचायत शेजारच्या गावाच्या नावाने नोंदलेली असते. यादी इंग्रजी वर्णक्रमाने आहे आणि गावाच्या नावाचं स्पेलिंग आपण लिहितो तसंच असेल असं नाही. जिल्ह्याचं नाव बदललं असेल तर जुनं आणि नवं दोन्ही शोधून पाहा. यावर एकच खात्रीचा उपाय, तो म्हणजे एलजीडी कोड. प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत कोड दिलेला आहे आणि एकदा तो टिपून ठेवला की पुढे नावाचा घोळ उरत नाही. फक्त एक सांभाळा: २०११ च्या जनगणनेचा गाव-कोडही सहाच अंकी आहे. तो टाकलात तर काही सापडणार नाही किंवा भलतीच पंचायत समोर येईल.

दुसरी अडचण भाषेची. शीर्षकं इंग्रजीत, कामांची नावं कधी इंग्रजीत तर कधी रोमन लिपीतल्या मराठीत. ज्या माणसासाठी ही पारदर्शकता आहे त्याला ती वाचताच येऊ नये, हा या व्यवस्थेचा सगळ्यांत टोचणारा दोष आहे. गावाचा कारभार मराठीत चालतो, नमुने मराठीत, ठराव मराठीत, इतिवृत्त मराठीत. मग हिशेबाचं पान तेवढं परक्या भाषेत का?

जमा बाजू वाचताना

खर्चाआधी जमा पाहा. २०२१-२६ साठी १५ व्या वित्त आयोगाच्या पैशाचे दोन भाग ठरवले होते. साठ टक्के बंधित, म्हणजे निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. चाळीस टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. २०२०-२१ या एका वर्षात हे प्रमाण निम्मं-निम्मं होतं, त्यामुळे त्या वर्षाचे आकडे पुढच्या वर्षांशी जुळत नाहीत. बंधित पैशातून सभामंडप किंवा प्रवेशद्वार दिसलं तर तिथे थांबून विचारायला हवं.

एखाद्या वर्षी जमा शून्य दिसली म्हणून पैसा गायब झाला असं धरू नका. हे अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतं. मुदत संपून पंचायतीवर प्रशासक बसला की हप्ता थांबतो. राज्याकडून येणारे हप्तेही उशिरा येतात, त्यामुळे एका वर्षाचा हप्ता पुढच्या वर्षाच्या जमेत पडलेला दिसतो. सुरुवातीची शिल्लक, मिळालेली रक्कम, व्याज आणि अखेरची शिल्लक हे चार आकडे सलग तीन वर्षांचे एका कागदावर मांडा. आदल्या वर्षाची अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीशी जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर बाकी काही तपासण्याआधी तोच प्रश्न विचारा.

खरा माल प्रमाणकात

प्रमाणक, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं व्हाउचर, हा या संकेतस्थळाचा गाभा आहे. प्रत्येक देयकाला तारीख, क्रमांक, योजना, रक्कम, पैसे घेणाऱ्याचं नाव आणि थोडा तपशील असतो. वित्त आयोगाचे पैसे ईग्रामस्वराज आणि पीएफएमएस (केंद्र सरकारची पैसे वितरणाची ऑनलाइन व्यवस्था) यांच्या जोडणीतून थेट ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जातात. ग्रामसेवक देयक तयार करतात, सरपंच मंजूर करतात, आणि दोघांच्या डिजिटल सह्या वेगवेगळ्या डोंगलमध्ये असतात. रोखीचा व्यवहार बंद झाला, धनादेशाच्या कोऱ्या पानावर आधी सही घेऊन ठेवणं बंद झालं. हा बदल मोठा आहे आणि त्याचं श्रेय या व्यवस्थेला द्यायलाच हवं.

दोन सह्यांची अट मात्र कागदावर उरू शकते. दोन्ही डोंगल आणि त्यांचे पासवर्ड एकाच माणसाकडे, बरेचदा संगणक परिचालकाकडे, ठेवलेले असतात. सरपंच नवखे असतील, महिला सरपंचांच्या नावाने घरचा कोणी कारभार पाहत असेल, किंवा ग्रामसेवकांकडे दोन-तीन पंचायतींचा भार असेल तर हे हमखास घडतं. मग मंजुरी देणाऱ्याला आपण कशाला मंजुरी दिली हेच ठाऊक नसतं, आणि चौकशी लागली की जबाबदारी मात्र सहीवाल्याची ठरते. प्रत्येक सरपंचांनी आपलं डोंगल स्वतःजवळ ठेवावं आणि देयक मंजूर करण्यापूर्वी त्याचा कागद डोळ्यांखालून घालावा.

प्रमाणकांची यादी वाचायची ती तारखेच्या क्रमाने नव्हे, नावाच्या क्रमाने. आकडे एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि पैसे घेणाऱ्याच्या नावाने लावा. मग एकाच पुरवठादाराला थोड्या दिवसांच्या अंतराने जवळजवळ सारख्या रकमांची देयकं गेलेली दिसतात का, ते पाहा. ई-निविदा टाळण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडले की यादीत ते असंच दिसतं. गटाराचं काम वॉर्डावॉर्डांत विभागून पाच कामं झाली असतील तर पाचही अंदाजपत्रकं मागून पाहावीत. पथदिवे, पाणी शुद्धीकरण यंत्र, कचराकुंड्या, व्यायामाचं साहित्य, शाळेसाठी खरेदी या नोंदींवर जास्त लक्ष द्या, कारण वस्तूचा दर बाजारात पडताळता येतो आणि नग मोजता येतात. रस्त्याचं तसं नाही, त्याला मोजमाप लागतं.

काही गोष्टी गडबडीसारख्या दिसतात पण गडबड नसतात. एकच बिल दोनदा दिसलं तर आधी पाहा की पहिलं पेमेंट बँकेतून परत आलं होतं का. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदलले आणि जुन्या कोडवर पाठवलेले पैसे परत येऊ लागले. मग तेच बिल नव्याने पाठवलं जातं. महावितरणच्या नावे मोठी रक्कम दिसली तर ती बहुधा पाणीपुरवठ्याच्या किंवा पथदिव्यांच्या वीजबिलाची असते. आणि ठेकेदाराला मिळालेली रक्कम अंदाजपत्रकाशी कधीच तंतोतंत जुळत नाही, कारण देयकातून आयकराची कपात, लागू असेल तिथे जीएसटीची कपात, १ टक्का बांधकाम कामगार उपकर आणि गौण खनिजाचं स्वामित्वधन वजा होतं. ही वजावट धरून एकूण देयक किती, हे पाहूनच तुलना करा.

प्रमाणक आणि रस्ता यांची गाठ

इथे संकेतस्थळ हात टेकतं आणि टेप घेऊन बाहेर पडावं लागतं. समजा, १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड काँक्रीट रस्त्याचं पूर्ण देयक गेलं आहे. काँक्रीट झालं ४५ घनमीटर. एम-२० प्रतीच्या साध्या प्रमाणाने एका घनमीटरला सुमारे ८ गोणी सिमेंट लागतं, म्हणजे या रस्त्यात ३६० गोणींच्या आसपास सिमेंट जायला हवं. जाडी १५ ऐवजी १० सेंटिमीटर भरली तर काँक्रीट ३० घनमीटर आणि सिमेंट २४० गोणी. लांबी-रुंदी बरोबर, रस्ता वरून गुळगुळीत, आणि एक तृतीयांश माल कमी. म्हणून लांबी-रुंदी मोजून परत येऊ नका. रस्त्याची कड जिथे उघडी आहे तिथे दोन्ही बाजूंनी, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी जाडी मोजा. बाजूची माती किंवा मुरूम सरकवावा लागतो. मोजताना पट्टीसह फोटो काढा आणि मोबाइलमधलं ठिकाण सुरू ठेवा. साइडपट्टीचा मुरूम अंदाजपत्रकात असतो आणि जागेवर नसतो, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

कामाचे जिओ-टॅग केलेले फोटो तीन टप्प्यांत, म्हणजे सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर, चढवण्याची सोय व्यवस्थेत आहे. कल्पना उत्तम आहे. उपयोग मात्र फोटोच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतो, कारण फोटोतून जाडी दिसत नाही. तरी तिन्ही फोटोंत मागची झाडं, खांब, घरं जुळतात का हे पाहण्यासारखं आहे. आधीचा फोटो एका गल्लीतला आणि नंतरचा दुसऱ्या गल्लीतला असेल तर ते लगेच कळतं. एकाच कामाचा फोटो दोन वेगळ्या कामांना लावलेला असेल तर तेही.

जे इथे मुळीच दिसत नाही

या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव लोकांना लवकर कळत नाही, कारण जे पानावर नाही ते शोधणार कसं? ईग्रामस्वराजवर ठळकपणे दिसतो तो वित्त आयोगाचा पैसा. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, गाळ्यांचं भाडं असा ग्रामपंचायतीचा स्वतःचा निधी तिथे अर्धवट किंवा अजिबात नसतो. त्याच निधीतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. म्हणजे गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या हक्काचा पैसाच ऑनलाइन हिशेबाच्या बाहेर राहतो. हे बदलायला हवं, आणि लवकर बदलायला हवं. तोवर उपाय एकच: नमुना ५ ची रोकडवही आणि नमुना ९ ची मागणी नोंदवही मागून पाहणं.

राज्याच्या २५१५ लेखाशीर्षाखालची मूलभूत सुविधांची कामं, आमदार-खासदार निधी, जिल्हा नियोजनाचा निधी, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास, जनसुविधा यांपैकी बरंच काम जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभाग करतो. ते या पानावर शोधू नका. जलजीवन मिशन आणि रोजगार हमीची संकेतस्थळं वेगळी आहेत. याचा गैरफायदा असा घेतला जातो की एकच गटार दोन योजनांत दाखवलं जातं. एक योजना ईग्रामस्वराजवर, दुसरी भलत्याच ठिकाणी, आणि दोन्ही एकत्र दाखवणारं पान अस्तित्वात नाही. गावातल्या प्रत्येक रस्त्याची आणि गटाराची स्वतःची यादी करून, कोणत्या वर्षी कोणत्या निधीतून काम झालं हे त्यापुढे लिहीत जाणं हे काम गावालाच करावं लागतं.

राजस्थान या बाबतीत पुढे गेलं आहे. तिथलं जनसूचना पोर्टल १३ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झालं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(२) प्रमाणे नागरिकाने अर्ज न करता माहिती मिळावी, हा त्यामागचा विचार, आणि तिथल्या जनसंघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं रेटा लावला होता. अनेक विभागांच्या योजना तिथे एकाच जागी पाहता येतात. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधी केला होता. अशा राज्यात गावाचा सगळा निधी एका पानावर मागणं ही काही अवाजवी मागणी नाही.

ऑडिटऑनलाइन: कमी वापरलं जाणारं, पण जास्त मोलाचं

तीनही सोयींत सर्वांत दुर्लक्षित ही आहे, आणि आमच्या मते सर्वांत किमती. कारण साधं आहे. ईग्रामस्वराजवर पंचायत स्वतःबद्दल बोलते, तर इथे स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लेखापरीक्षक पंचायतीबद्दल बोलतात. लेखापरीक्षा वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत असं निवडून अहवाल काढता येतो. अहवालात आक्षेप क्रमवार असतात: प्रमाणक उपलब्ध नाही, मोजमाप पुस्तिका सादर केली नाही, निविदा न मागवता खरेदी, साठा नोंदवहीत नोंद नाही, कपात केलेली रक्कम शासनाकडे भरली नाही.

वाचताना दोन प्रकारचे आक्षेप वेगळे ठेवा. कागद दाखवले नाहीत म्हणून आक्षेपाधीन ठेवलेली रक्कम म्हणजे चोरी नव्हे. कागद दिले की आक्षेप मिटू शकतो. वसूलपात्र ठरवलेली रक्कम मात्र गंभीर आहे, कारण ती कोणाकडून तरी वसूल व्हायची असते. प्रश्न इथून पुढे सुरू होतो. पंचायतीने अनुपालन अहवाल, म्हणजे आक्षेपांवरचं उत्तर, दिला का, आक्षेप वगळला गेला का, वसुली झाली का? याची नोंद नागरिकाला संकेतस्थळावर धड मिळत नाही. आक्षेप वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात, सरपंच बदलतात, ग्रामसेवकांची बदली होते, आणि नवा माणूस म्हणतो की हे माझ्या काळातलं नाही. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांचे अहवाल एकत्र वाचा. तोच आक्षेप दरवर्षी आला असेल तर तो निष्काळजीपणा राहत नाही, ती पद्धत झालेली असते.

एक मर्यादा अशी की लेखापरीक्षा वर्ष संपल्यानंतर होते. या वर्षीच्या कामाबद्दल इथे काही मिळणार नाही, त्यासाठी प्रमाणकांवरच भिस्त ठेवावी लागते.

मेरी पंचायत ॲपबद्दल थोडक्यात. मोबाइलवर ओटीपी टाकून प्रवेश मिळतो, पंचायतीची कामं, निधी, सदस्य, सूचना आणि हवामानाचा अंदाजही दिसतो, आणि कामाबद्दलची तक्रार जागेच्या नोंदीसह टाकता येते. वापरायला तिन्हींत हे सोपं आहे. पण प्रमाणकाच्या मुळाशी जायला संकेतस्थळाचीच गरज पडते, आणि इथल्या तक्रारीचा पहिला टप्पा पंचायतीच्याच आसपास फिरतो. पथदिवा बंद आहे, नळ गळतो अशा गोष्टींसाठी वापरा. पैशांच्या तक्रारीसाठी वापरू नका.

संकेतस्थळावरून माहिती अधिकाराकडे

ईग्रामस्वराजचा सर्वांत मोठा फायदा इथे मिळतो. ‘गेल्या पाच वर्षांचा सर्व हिशेब द्या’ असा अर्ज केला की माहिती विस्तृत आहे म्हणून तो टोलवता येतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. प्रमाणक क्रमांक हाती असेल तर पळवाट राहत नाही. मजकूर असा ठेवा: ‘सन २०२३-२४, १५ वा वित्त आयोग, प्रमाणक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, रक्कम अमुक. या देयकाशी संबंधित मंजूर अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ठेकेदाराचे देयक व मासिक सभेचा ठराव यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’ अर्ज कागदावर करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. प्रतींना पानामागे २ रुपये पडतात.

मुदत ३० दिवसांची. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला कागदांची यादी घेऊन स्वतः हजर राहा. बऱ्याच प्रती तिथेच हाती पडतात. आणखी एक कलम लोक विसरतात, ते म्हणजे २(जे). त्याखाली कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात. रस्त्याच्या जाडीचा वाद असेल तर याच कलमाचा आधार घ्या.

मोजमाप पुस्तिका मिळाली की तिच्यातली तारीख प्रमाणकाच्या तारखेशी ताडून पाहा. देयक आधी आणि मोजमाप नंतर असेल तर दुसरा पुरावा शोधायची गरज उरत नाही.

तक्रार कुठे, हे आधी ठरवा

चुकीच्या दारात टाकलेली तक्रार महिनोन्‌महिने फिरते. कोणी कामासाठी पैसे मागत असेल तर ती लाच. तिथे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, क्रमांक १०६४, आणि पैसे देण्याआधी फोन. विभाग आधी मागणीची पडताळणी करतो, मग पंचांसमोर सापळा लावतो; सापळ्यासाठी तक्रारदाराने दिलेली रक्कम त्याला परत मिळते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. दबावाखाली द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच संरक्षण मिळतं, हे ध्यानात ठेवा.

काम न करता बिल काढलं असेल तर तो अपहार. तिथे गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे प्रमाणक क्रमांक, मोजमापाची प्रत आणि जागेवरचे फोटो जोडून लेखी तक्रार द्यायची. सरपंच किंवा सदस्यांवर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली कारवाई होते ती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्तांच्या आदेशाने. लोकसेवकाने केलेल्या अपहारासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५) आहे. नियम डावलून खरेदी केली पण वस्तू जागेवर आहे, अशी स्थिती असेल तर ती अनियमितता, आणि तिची जागा लेखापरीक्षणात आहे. तक्रारीत ‘भ्रष्टाचार झाला आहे’ असं मोघम वाक्य लिहू नका. ‘अमुक प्रमाणकाने अमुक रक्कम दिली, मोजमाप पुस्तिकेत जाडी १५ सेंटिमीटर नोंदवली आहे, जागेवर १० सेंटिमीटर आढळते’ असं लिहा. अशा वाक्याला अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

ग्रामसभेतही हेच. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि जमाखर्च तिथे वाचला गेला पाहिजे. प्रश्न सभेच्या आधी लेखी द्या, त्यात प्रमाणक क्रमांक घाला, पोच घ्या, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय खाली बसू नका. पुढच्या सभेत आधी मागच्या इतिवृत्ताचं वाचन होतं. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यात जसंच्या तसं आलं आहे का, ते तेव्हाच ऐकून घ्या आणि नसेल तर इतिवृत्त कायम होण्यापूर्वी हरकत नोंदवा.